प्युरिफायर बिघडला? आधी मोजा, मग फोन करा

‘पाणी फार हळू येतंय. कंपनीचा माणूस म्हणाला, मेंब्रेन गेलं, बदलावंच लागेल. बदलू का?’ घरगुती आरओ प्युरिफायरबद्दल वाचक जे विचारतात त्याचा साचा बहुधा असा असतो. कधी मेंब्रेनच्या जागी पंप येतो, कधी ‘पूर्ण सर्व्हिस किट’. पण प्रश्न विचारला जातो तो टेक्निशियन बोलून झाल्यावर. तोवर त्याने सुटे भाग पिशवीतून बाहेर काढलेले असतात, ओट्यावर पाणी सांडलेले असते, घरात प्यायला पाणी नसते आणि अशा वेळी ‘थांबा, विचार करून सांगतो’ म्हणणे जड जाते.

खरे तर प्युरिफायरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ कुठे आहे हे मशीन न उघडता, घरच्या घरी मोजून कळते. त्यासाठी एक बादली, लिटरची बाटली, घड्याळ आणि दोनशे ते पाचशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर पुरतो. मोजले म्हणजे दुरुस्तीही तुम्हीच करायला हवी असे मुळीच नाही. काही दुरुस्त्या तर करूच नयेत, त्या कोणत्या ते पुढे सांगितले आहे. मात्र माणूस बोलवायचा की नाही, बोलावला तर कशासाठी, आणि तो सांगतो ते पटण्याजोगे आहे का, हे ठरवायला आकडे लागतात आणि ते तो येण्याआधी हातात असावे लागतात.

पाण्याची वाट

भिंतीवरच्या नेहमीच्या आरओ मशीनमध्ये पाणी आधी नळाच्या जोडावरच्या छोट्या इनलेट व्हॉल्व्हमधून बाहेरच्या प्री-फिल्टरमध्ये येते. पारदर्शक भांड्यातली पांढरी ‘कँडल’ म्हणतात ती हीच. तिथून पुढे वीज असतानाच उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दाब वाढवणारा पंप, गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, क्लोरीन आणि वास शोषणारा कार्बन फिल्टर आणि शेवटी मेंब्रेन. कंपनीगणिक क्रम थोडा मागेपुढे होतो. मेंब्रेनमधून दोन धारा निघतात: शुद्ध पाणी टाकीत जाते आणि क्षार घेऊन निघालेले रिजेक्ट पाणी बारीक नळीने सिंकमध्ये. या रिजेक्टच्या नळीत फ्लो रिस्ट्रिक्टर नावाचा बोटाएवढा तुकडा असतो. तो पाणी थोडे अडवून धरतो, म्हणून मेंब्रेनवर दाब टिकतो. इथे ध्यानात ठेवायचे ते हे की मेंब्रेन हा बहुधा सगळ्यात महाग भाग आणि रांगेत जवळजवळ शेवटचा. आधीच्या कुणीही कामचुकारपणा केला की शुद्ध पाणी कमी येते आणि आळ मेंब्रेनवर येतो.

फोनआधीची दहा मिनिटे

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, आणि घरभेटीचे पैसे वाचतात.

- दिवाच लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये दुसरे काही लावून पाहा. सॉकेट चालू आणि मशीन मेलेले असेल तर संशय ॲडॉप्टरवर जातो. तो 230 व्होल्टचे 24 व्होल्ट करणारा डबा आहे. तो सील असतो, उघडू नका.
- दिवा आहे पण पंपाचा आवाज नाही: टाकी आधीच भरलेली असेल, किंवा पाणीच येत नसेल. गच्चीवरची टाकी रिकामी आहे का, ओट्याखाली भांडी ठेवताना इनलेट व्हॉल्व्ह कुणाच्या हाताने फिरला का, ते बघा. बऱ्याच मशीनमध्ये पाण्याचा दाब कमी झाला की पंप आपोआप थांबतो. तो बिघाड नव्हे, पंप कोरडा चालून जळू नये म्हणून केलेली सोय आहे.
- पंप घरघरतो आणि पाणी तुटक येते: नळीत हवा शिरलेली असते किंवा प्री-फिल्टर गाळाने भरलेला असतो. पावसाळ्यात हे हटकून होते.
- ओटा ओला दिसतो: आधी स्विच बंद, मग इनलेट व्हॉल्व्ह बंद. सगळे सांधे कोरडे पुसा, वर्तमानपत्राचा तुकडा खाली ठेवा आणि पाच मिनिटांनी व्हॉल्व्ह उघडा. कागद पहिल्यांदा जिथे भिजतो त्याच्या वरचा सांधा गळका. फोनवर ‘गळतंय’ म्हणण्यापेक्षा ‘प्री-फिल्टरच्या भांड्याच्या कडेने गळतंय’ म्हटले की येणारा माणूस योग्य ती रबरी रिंग घेऊन येतो.

स्विच बंद केल्यावरही रिजेक्टच्या नळीतून पाणी थेंबथेंब चालूच असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हा भाग स्वस्त असतो, पण लक्षात न आल्यास दिवसरात्र पाणी वाहते आणि मीटरवर पाणी असलेल्या सोसायटीत त्याचे बिलही येते.

अर्ध्या तासाची चाचणी

पाणी हळू येण्याचे कारण शोधायला ही एक चाचणी पुरेशी आहे, आणि ती प्रत्येक घराने वर्षातून दोनदा तरी करावी. पिण्यापुरते पाणी आधी भरून ठेवा. मशीनच्या नळातून पाणी यायचे थांबेपर्यंत टाकी रिकामी करा. रिजेक्टची नळी सिंकमधून काढून बादलीत सोडा. नळ बंद करून मशीन चालू करा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासाने स्विच बंद करा. आता टाकीतले पाणी, पुन्हा नळ थांबेपर्यंत, बाटलीने मोजा आणि बादलीतलेही मोजा. टाकीच्या तळाशी नळाच्या पातळीखाली थोडे पाणी उरतेच, पण सुरुवातीला आणि शेवटी सारखेच उरते, म्हणून हिशेब चुकत नाही.

आता अपेक्षा काय धरायची? मेंब्रेनवर ‘75 जीपीडी’ किंवा ‘80 जीपीडी’ लिहिलेले असते, म्हणजे दिवसाला तेवढे गॅलन. 75 गॅलन म्हणजे सुमारे 284 लिटर, तासाला बारा लिटरच्या आतबाहेर. हा आकडा 25 अंश तापमानाच्या पाण्यावर आणि ठरावीक दाबावर काढलेला असतो. तेव्हा घरी अर्ध्या तासात चार ते सहा लिटर शुद्ध पाणी आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट रिजेक्ट आले तर मशीन ठणठणीत समजा. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत ‘पाणी वाचवणारे’ म्हणून वेगळे प्रमाण दिले असेल तर ते धरा. प्रमाण बिघडलेले दिसले तर ते असे वाचायचे:

- शुद्ध कमी, रिजेक्टही कमी: पाणी आतच कमी शिरते आहे. प्री-फिल्टर, सेडिमेंट किंवा कार्बन तुंबलेला, व्हॉल्व्ह अर्धवट उघडणारा, नाही तर पंप थकलेला. अशा वेळी कुणी थेट मेंब्रेनचे नाव घेतले तर कारण विचारा.
- शुद्ध कमी, रिजेक्ट भरपूर: मेंब्रेन तुंबले आहे, किंवा पंपाचा दाब पडला आहे, किंवा फ्लो रिस्ट्रिक्टर चुकीच्या मापाचा बसवला आहे. यात मेंब्रेनवर संशय रास्त आहे, पण पंपाचा दाब मोजल्याशिवाय त्याला शिक्षा नको.
- शुद्ध ठीक, रिजेक्ट अगदी कमी किंवा बंद: ‘पाणी वाया जात नाही’ म्हणून खूश होऊ नका. फ्लो रिस्ट्रिक्टर तुंबला आहे. बाहेर न पडणारे क्षार मेंब्रेनवर साठत जातात आणि शेकड्यातले काम हजारांवर जाते. लवकर बोलवा.
- दोन्ही ठीक: मग ‘हळू येते’ ही तक्रार टाकी ते नळ या टप्प्यातली आहे. टाकीनंतरचा फिल्टर किंवा नळाचे तोंड तपासायचे, आतल्या यंत्राला हात लावायची गरज नाही.

एक गोष्ट टेक्निशियन क्वचितच सांगतात. पाणी थंड झाले की मेंब्रेनमधून ते कमी झिरपते; साधारण दर अंशाला तीन टक्के. नाशिक-नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी पंधरा अंशांवर आले तर शुद्ध पाणी पाव हिश्शाने घटणे अगदी स्वाभाविक आहे. मार्चमध्ये ते आपोआप वाढते. म्हणून हिवाळ्यातल्या आकड्याची तुलना गेल्या हिवाळ्यातल्या आकड्याशी करा, मे महिन्यातल्याशी नको. प्युरिफायरच्या आतल्या झाकणावर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख, शुद्ध, रिजेक्ट आणि टीडीएस एवढे लिहीत गेलात तर दोन वर्षांत तुमच्या मशीनचा स्वभाव तुम्हाला सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त कळेल.

टीडीएस मीटर काय सांगतो आणि काय नाही

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. मीटर पाण्यातून वीज किती वाहते हे मोजतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. मेंब्रेनची तब्येत पाहायला तो उत्तम आहे, पण एकाच आकड्याकडे पाहून नव्हे. नळाचे पाणी आणि शुद्ध पाणी असे दोन्ही मोजा. नळाचे 600 आणि मशीनचे 60 असेल तर मेंब्रेन नव्वद टक्के क्षार अडवते आहे. आता मशीनचे 150 दिसले तर अडवणे पाऊणपटीवर आले. बदलण्याचा विचार सुरू करा. पण नळाचे 600 वरून 1200 झाले आणि मशीनचे 60 वरून 120, तर मेंब्रेन पूर्वीइतकेच चांगले आहे, तुमच्या सोसायटीने टँकर किंवा बोअरचे पाणी सुरू केले आहे. ‘टीडीएस डबल झाला’ या एका वाक्यावर मेंब्रेन विकले जाते ते इथे.

मोजताना आणखी दोन ठिकाणी फसगत होते. रात्रभर बंद राहिलेल्या मशीनचे पहिले पाणी जास्त आकडा दाखवते, कारण थांबलेल्या पाण्यात क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात. दहा मिनिटे मशीन चालवून, नवे पाणी टाकीत पडल्यावर मोजा. दुसरे असे की बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी मिसळणारा स्क्रू, म्हणजे टीडीएस ॲडजस्टर, किंवा खनिजांची कार्ट्रिज असते. आकडा अचानक चढला तर आधी तो स्क्रू कुणी फिरवला का हे विचारा. याच स्क्रूने मागच्या सर्व्हिसच्या वेळी आकडा हवा तसा दाखवलेलाही असू शकतो.

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. आकडा 30 असलेल्या पाण्यातूनही कावीळ आणि अतिसार होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा 500 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे, पण ई. कोलाय जंतूबाबत मुभा नाही, 100 मिलिलिटर नमुन्यात तो सापडताच कामा नये. म्हणजे मानकाच्या दृष्टीने 400 टीडीएसचे निर्जंतुक पाणी पिण्यालायक आहे आणि 40 टीडीएसचे दूषित पाणी नाही. मीटर मेंब्रेनची परीक्षा घेतो, पाण्याची नाही. पाण्याची परीक्षा हवी असेल तर जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. नमुना घ्यायची बाटली आणि रीत तिथूनच विचारून घ्या, घरातल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलेल्या नमुन्यावरून जंतूंची तपासणी होत नसते.

इथे हात लावू नका

पुढीलपैकी काही दिसले तर मोजत बसू नका. मशीन बंद करा, इनलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि माणूस बोलवा: ॲडॉप्टर किंवा मशीनमधून जळका वास, सिंकला किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या (यात मशीनचा स्विच पुरेसा नाही, घराचा मेन स्विच पाडा आणि इलेक्ट्रिशियनलाही बोलवा), सॉकेटजवळ गळती, टाकी भरत नसताना पंप तासन्तास सुरू. यूव्ही असलेल्या मशीनमध्ये यूव्हीचा दिवा गेल्याची सूचना आली तरी असेच. यूव्हीची नळी उघडू नका आणि पेटलेल्या नळीकडे पाहू नका, त्या किरणांनी डोळ्यांना इजा होते. मेंब्रेनचे घरही स्वतः उघडू नये. आतली बारीक रिंग जागेवर बसली नाही तर न गाळलेले पाणी थेट शुद्धमध्ये मिसळते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

शुद्ध पाणी गढूळ दिसले, त्याला सांडपाण्याचा वास आला किंवा इमारतीत अनेक घरांत एकदम पोट बिघडले तर प्रश्न मशीनचा नसून पाइपलाइनचा असण्याची शक्यता मोठी. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलियन-बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशयाचा रोख दूषित पाण्याकडेच होता. अशा वेळी सोसायटीला आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला कळवा आणि मशीन असूनही पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा, झाकून गार करा. तुरटी फिरवून गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीच्या पाण्याला उकळणे किंवा क्लोरीन लागतेच. मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रावण वापरत असाल तर प्रमाण बाटलीवर दिलेलेच घ्या.

प्री-फिल्टर मात्र तुमचा

बाहेरची कँडल बदलणे हे गॅसचा रेग्युलेटर बदलण्याइतकेच घरगुती काम आहे. वॉरंटीत ते कंपनीच्याच माणसाने करावे अशी अट नाही ना, तेवढे आधी वाचा. स्विच बंद, व्हॉल्व्ह बंद, खाली बादली. मशीनबरोबर मिळालेल्या प्लास्टिकच्या पान्याने भांडे खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. भांडे साबण न लावता धुवा, रबरी रिंग खाचेत नीट बसवा, नवी कँडल उभी ठेवून भांडे हाताने घट्ट करा आणि मग पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळले की भांड्याला तडा जातो. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि पंधरा मिनिटे कागद ठेवून गळती पाहा. जुनी कँडल तपकिरी दिसते म्हणून घाबरू नका. ती गाळ अडवायलाच असते. ‘बाहेरचाच एवढा घाण, मग आतले सगळे गेले असणार’ हा युक्तिवाद उलटा आहे, बाहेरचा घाण झाला म्हणूनच आतले वाचले.

काय मोजून बदलायचे, काय तारखेने

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ‘तब्येतीशी खेळ कशाला? दरवर्षी सगळे फिल्टर आणि मेंब्रेन बदलून टाकलं की चिंता मिटली.’ या म्हणण्याचा अर्धा भाग बरोबर आहे. मशीनमधले काही भाग असे आहेत की ते संपले हे घरी मोजता येत नाही. कार्बन फिल्टर त्यातला पहिला. तो क्लोरीन शोषतो आणि त्याची शक्ती संपली की क्लोरीन थेट मेंब्रेनवर जाऊन त्याला कायमचे खराब करतो; वास यायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. दुसरा भाग यूव्हीची नळी. ती निळी दिसत राहते, पण जंतू मारणारे किरण कमी होत जातात, डोळ्यांना काही फरक कळत नाही. या दोघांना कंपनीने दिलेली मुदत पाळा, पैसे वाचवायची ही जागा नाही.

पण मेंब्रेन या यादीत बसत नाही. त्याचे काम दोन आकड्यांत दिसते: क्षार किती अडवते आणि पाणी किती देते. हे दोन्ही ठीक असताना ते केवळ वर्ष झाले म्हणून बदलण्याला काही आधार नाही. गोड्या पाण्याच्या शहरात, कार्बन वेळेवर बदलत गेलात तर मेंब्रेन दोन-तीन वर्षे सहज चालते. जड पाण्याच्या बोअरवर तेच वर्षभरात तुंबू शकते. दोन्ही घरांना एकच तारीख लावणे विक्रेत्याच्या सोयीचे असते. सेडिमेंट फिल्टरही असाच, तो अर्ध्या तासाच्या चाचणीत बोलतो. शिवाय ‘सगळे बदलले’ याने सुरक्षितता येतेच असेही नाही. टाकी धुतली नाही तर नव्याकोऱ्या मेंब्रेनचे पाणी बुळबुळीत टाकीत जाऊन पडते. दर सर्व्हिसला टाकी तुमच्या डोळ्यांसमोर रिकामी करून धुवून घ्या. आठवडाभर गावाला जाऊन आलात तर पहिली भरलेली टाकी फरशी पुसायला वापरा.

मुळात आरओ हवा का?

मेंब्रेन बदलायची वेळ येते तेव्हा हा प्रश्न विचारायला सगळ्यात स्वस्त वेळ असते. नळाच्या पाण्याचा टीडीएस वर्षभर 500 च्या बराच खाली असेल तर आरओ त्यातले क्षार काढून टाकण्यासाठी एका बादलीमागे दोन-तीन बादल्या ओततो आणि मोबदल्यात विशेष काही देत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे 2019 मध्ये 500 पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते ते याच कारणाने. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचे आणि पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते. तिथे थेट पालिकेचे पाणी पिणाऱ्या बहुतेक घरांना यूव्ही किंवा यूएफ (क्षार न काढता जंतू गाळणारी बारीक जाळी) पुरते. पण ‘थेट पालिकेचे’ हे शब्द महत्त्वाचे. उपनगरातल्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत टँकर आणि बोअरचे पाणी त्याच टाकीत मिसळते, म्हणून जुलैच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडची फ्लोराइडची गावे यांना हे लागू नाही. फ्लोराइड यूव्हीने किंवा उकळून जात नाही, आरओने कमी होते. तिथे आरओ चैन नव्हे.

टेक्निशियन दारात आल्यावर

फोन नंबर मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो ‘कस्टमर केअर’ लावलात तर भामट्यांचे सावजही होऊ शकता. ओटीपी मागणारा किंवा ॲप टाकायला लावणारा सर्व्हिसवाला नसतो, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. फोनवरच तीन गोष्टी ठरवा: घरभेटीचे शुल्क, जीएसटीसह भागाची किंमत, आणि बदललेल्या भागावरची वॉरंटी.

माणूस आला की आधी तुमचे आकडे त्याला दाखवा. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो; आणि बहुतेक जण प्रामाणिकच असतात, फक्त त्यांच्यावर सुटे भाग खपवण्याचे टार्गेट असते. काही बदलायचे म्हणाला तर ‘कशावरून?’ एवढेच विचारा. पंपाचा दाब मोजला का, टीडीएस कुठे मोजला. नवा भाग सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघावा, जुना भाग तुमच्याकडे राहावा, आणि सर्व्हिस रिपोर्टवर सही काम झाल्यावर, लिहिलेले वाचून करावी.

एका प्रयोगापासून सावध राहा. विक्रेता दोन पेल्यांत तुमच्या नळाचे आणि आरओचे पाणी घेतो, त्यात वीज सोडणाऱ्या पट्ट्या बुडवतो. क्षणात नळाचे पाणी हिरवट-तपकिरी होते, वर फेसासारखा गाळ तरंगतो, आरओचे निर्मळ राहते. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसून पट्टीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज वाहत नाही. त्याला त्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही तपकिरी होईल.

एएमसीचा कागद

‘त्यासाठीच तर वर्षाचं कंत्राट घेतलंय, मग मोजायचं कशाला?’ असा दुसरा आक्षेप असतो. उत्तर कंत्राटातच असते. काही कंत्राटांत फिल्टर आणि मेंब्रेन धरलेले असतात, काहींत फक्त मजुरी. दोन्हींना बोलताना एएमसीच म्हणतात. मेंब्रेन धरलेले असले तरी ‘गरज भासल्यास’ असे शब्द असतात आणि ती गरज कोण ठरवणार ते लिहिलेले नसते. इथे तुमच्या मोजमापाच्या नोंदी उलट बाजूने उपयोगी पडतात: पाऊणपट अडवण्याचा आकडा दाखवून तुम्ही बदली मागू शकता. किती भेटी, किती तासांत भेट, कोणते भाग, यूव्हीची नळी आत की बाहेर, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. मशीन जुने आणि पाणी गोडे असेल तर वर्षाचे कंत्राट आणि लागेल तेव्हा दुरुस्ती यांचा हिशेब कागदावर मांडा. पुष्कळ घरांत दुसरा पर्याय स्वस्त निघतो.

तक्रार कुठे आणि कशी

बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेवा नीट मिळाली नाही तर आधी कंपनीला ईमेलने, तारखा आणि आकडे देऊन लिहा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. अनेक प्रकरणे इथेच मिटतात, कारण नोंद कंपनीपर्यंत अधिकृतपणे जाते. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी द्यावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. तुमची कंपनी तिथे आहे का ते पाहून ठेवा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

तरीही मिटले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. बिल, एएमसीचा कागद, सर्व्हिस रिपोर्ट, ईमेल आणि मोजमापाच्या नोंदी जोडा. बदललेला जुना भाग प्रकरण निकाली निघेपर्यंत पिशवीत जपून ठेवा. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवतो, आणि तेव्हा तोच भाग हजर करावा लागतो.